च्या मांडून राहिली मी

तुम्हाला सांगतो आहे ते आमच्या घरात अजून कुणालाही ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही — निदान तसं मी मानत आलो. ताईला जाऊन आता दुसरा हिवाळा लागला. लोक अजून भेटले की थांबतात, खांद्यावर हात ठेवतात, सख्खी बहीण होती, वेळ लागतोच म्हणतात. मी मान हलवतो. त्यांना वाटतं, मी दुःखाने गप्प झालो आहे. दुःख आहे, ते खोटं नाही. पण मी गप्प आहे तो त्यामुळे नाही.

एकदम सांगायला जमत नाही. जरा लांबून येतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. मला एक सवय होती. परदेशातल्या मोठ्या शहरांमध्ये पोलिसांचं आणि आगीच्या बंबवाल्यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकत बसणारे हौशी लोक असतात. ते बोलणं ते टिपून ठेवतात आणि इंटरनेटवर टाकतात. कुणीही ऐकावं. दुपारी तास संपले की मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ते ऐकत असे. आधी खरखर. मग एक शांत आवाज पत्ता सांगतो. दुसरा म्हणतो, निघालो. कुठे तिसऱ्या मजल्यावर धूर आहे, कुठे म्हातारा जिन्यात पडला आहे, कुठे एखादी बाई फोनवर नुसती रडते आहे आणि पलीकडचा माणूस तिला पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारतो आहे. निम्मं बोलणं मला समजतही नसे.

मग काय ऐकत होतो मी? कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं — भाषा. जीव घाबरला की माणूस शिकलेली भाषा टाकून देतो, त्याच्या तोंडून त्याची मूळ बोली निघते. मला ती ऐकायची आहे. हे उत्तर चांगलं होतं. कुणी कधी विचारलंच नाही, तरी मी ते नीट घासूनपुसून ठेवलं होतं. खरं तेवढंच नव्हतं. त्या रेकॉर्डिंगांमध्ये पुढे काय झालं ते कधी कळत नसे. माणूस वाचला की गेला, घर राहिलं की जळलं — काही नाही. आवाज तुटला की संपलं. मला नेमकं तेच आवडायचं. दुसऱ्याच्या घराला आग लागलेली ऐकायची आणि भेटायला जावं लागत नाही. तुम्हाला हे विचित्र वाटेल. मला त्या वेळी वाटत नव्हतं.

आता ताईबद्दल.

ताई माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आमचं गाव भातकुलीकडचं. लग्न होऊन ती अकोल्याला गेली तेव्हा मी शाळेत होतो. भाऊजी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. शहराच्या कडेला, दालमिलच्या मागे त्यांचं घर, आणि जवळच्या गावी थोडं शेत. त्या शेतातला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरलेला असायचा. स्वयंपाकघराला लागून एक खोली, दारापर्यंत पांढरी गच्च. लहानपणी मी सुट्टीत गेलो की त्या ढिगात झोपायचो आणि उठल्यावर ताई माझ्या केसांतली सरकी वेचायची. तिचं बोलणं सगळं वऱ्हाडी. मले, तुले, काहून. मीही तसाच बोलायचो. कॉलेजात लागलो आणि महिन्याभरात 'मला' म्हणायला शिकलो. ताई चिडवायची — "आमचा बापू आता पुन्याचा झाला गड्या. 'मला पाणी हवं' म्हनते. लवकर द्या हो, नाही तं इंग्रजीत मागन!"

तिला नवा फोन मीच घेऊन दिला, मीच लावून दिला. भाऊजींच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं तिच्या लक्षात राहत नसे, म्हणून त्यात येणारा-जाणारा प्रत्येक फोन आपोआप टेप होईल अशी सोय मी करून ठेवली. तिला ते सांगायचं होतं. राहून गेलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास तिच्या घरी आग लागली. गॅसची नळी पेटली. भाऊजी शेतावर होते, ती घरात एकटी. आणि भिंतीपलीकडे कापूस. कापसाचं तुम्हाला ठाऊक असेल — तो भडकतो कमी, आतल्या आत धुमसतो, आणि एकदा धरला की गल्ली घेऊन जातो. ताई बाहेर पळाली, शेजारच्या शमीमभाभींची दोन नातवंडं ओट्यावर खेळत होती त्यांना ओढून लांब नेलं, आणि बंबाला फोन लावला. बंब वेळेत आला. स्वयंपाकघराचं छत काळं झालं, ओटा फुटला. कापूस वाचला. संध्याकाळी तिने मला फोनवर सांगितलं, "काही नाही रे, उगाच जराशी. तू येऊ नको धावत." मी रविवारी गेलो.

घराला जळक्या रबराचा वास होता. भाऊजी आलेल्या-गेलेल्याला तीच गोष्ट सांगत होते — बंबवाल्यांनी आग विझवली, नळी गुंडाळायला लागले, तर ही बाई कपबशा घेऊन उभी! शमीमभाभींच्या शेगडीवर सगळ्यांसाठी चहा करून आणला होता तिने. "घर जयून राहिलं अन् हे पावनचार करून राहिली," भाऊजी म्हणत होते आणि हसत होते, पण त्यांचा आवाज ओला होता. ताई आतून म्हणाली, "मंग? लोकं आपल्या घरी आले अन् तसेच वापस जातीन का?"

हे सगळं मी ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते हे ऐकल्यानंतर केलं.

त्या दिवशी दुपारी तिचा फोन माझ्या हातात होता. बंबाला केलेलं तिचं बोलणं त्यात टेप झालेलं असणार हे मला आठवलं. मी ते शोधलं, माझ्या फोनवर घेतलं. तिला विचारलं नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते चार-पाच वेळा ऐकलं. इतकी वर्षं परक्या भाषेत जे ऐकत होतो ते आता माझ्या भाषेत होतं. खरं सांगू? मला आनंद झाला. बहीण वाचली याचा नव्हे. रेकॉर्डिंग चांगलं निघालं याचा.

त्यात काय होतं ते सांगतो, कारण ते पूर्ण असं फक्त मीच ऐकलं आहे.

आधी ती ओरडते — "भाऊ, आग लागली ना आमच्या घरी! गॅसच्या नळीले लागली. बाजूच्या खोलीत कापूस हाये, भाऊ!" पलीकडचा माणूस पत्ता विचारतो. ती सांगते, दालमिलच्या मागं, पाण्याच्या टाकीपासून आत. तो म्हणतो, तुम्ही आधी बाहेर निघा. ती म्हणते, "निघाली ना मी. शमीमभाभीच्या लेकराइले बी काढलं. मागं म्हातारे लोकं हायत, त्याइले कोन काढन?" तो म्हणतो, गाडी निघाली बाई. मग ती थोडा वेळ नुसती श्वास घेते. आणि मग, तिला काहीच सुचत नसताना, कुणालाही घरी बोलावताना जन्मभर जे म्हणत आली ते म्हणते — "या ना भाऊ लवकर, च्या मांडून राहिली मी!"

पलीकडचा माणूस हसत नाही. तो म्हणतो, "च्या घेऊ ना ताई, मंग घेऊ. तुमी आता गल्लीतल्या लोकाइले मागं सरकवा." इतकं हळू, इतकं सरळ. परदेशी रेकॉर्डिंगांत मी असा आवाज शोधत असे.

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात बोलीभाषांवर चर्चासत्र झालं. पुण्याकडचे एक पाहुणे आले होते. मी वऱ्हाडीतल्या क्रियापदांवर निबंध वाचला. मेहनतीने लिहिला होता. कुणी ऐकला नाही. शेवटी-शेवटी मीच दोन पानं गाळली. जेवणाच्या वेळी सगळे गोल करून बसले होते, पाहुणे किस्से सांगत होते, आमचे ढोले सर त्यांना वरचढ किस्से सांगत होते. मी बाजूला वरण-पोळी कालवत होतो. मी नेहमीच बाजूला असतो. त्या दिवशी मला ते सहन झालं नाही — एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

मी म्हणालो, "माझ्याकडे एक गंमत आहे. अस्सल नमुना."

पण तुम्हाला वाटेल, मी भरात येऊन फोन काढला आणि वाजवला. तसं नव्हतं. वाजवायचं रेकॉर्डिंग माझ्याकडे तयार होतं. आदल्या आठवड्यात मी ते कापलं होतं. कापूस काढून टाकला. शमीमभाभींची नातवंडं काढली, मागच्या गल्लीतले म्हातारे काढले. पलीकडच्या माणसाचं उत्तर काढलं. ठेवलं काय? "आग लागली ना आमच्या घरी" — आणि त्याला लगेच जोडून — "या ना भाऊ लवकर, च्या मांडून राहिली मी!" का कापलं? निबंधासाठी छोटं उदाहरण हवं होतं, असं मी स्वतःला म्हणालो होतो. पण निबंधात मी ते वापरलं नाही. मला ठाऊक होतं ते कशासाठी आहे.

सगळे हसले. काय हसले! पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोले सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "बापा बापा! आगीवरच आधन ठेवते का काय हे बाई!" पुन्हा लावा, पुन्हा लावा. मी पुन्हा लावलं. मी तिची नक्कलही केली. वीस-बावीस वर्षांत मी कॉलेजात 'मले' म्हणालो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, ताईच्या आवाजात, आणि ते मला छान जमलं. जमणारच. मी ते तिच्याकडूनच शिकलो होतो.

पाहुण्यांनी डोळे पुसत विचारलं, "पण ही बाई कोण हो?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक. असेल कुणीतरी अकोल्याकडची."

हे ते. याच्याभोवती मी फिरत होतो. बाकी सगळं यानंतरचं आहे.

'माझी बहीण आहे' हे सांगायला किती वेळ लागला असता? कदाचित हसू तिथेच थांबलं असतं. कदाचित ढोले सर ओशाळले असते, पाहुण्यांनी विचारलं असतं, बऱ्या आहेत ना त्या? मला त्यांचं हसू थांबवायचं नव्हतं. आणि त्याहून वाईट — मला त्या पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं की अशी बोलणारी बाई माझ्या घरातली आहे. बोलींच्या चर्चासत्रात. माझा निबंध सुरू होत होता 'बोली ही आपली आई असते' या वाक्याने.

ढोले सर म्हणाले, "मले पाठवा बरं ते." मी पाठवलं. जेवणाच्या पंगतीतच.

पुढचं तुम्ही कदाचित ऐकलंही असेल. पंधरा दिवसांत ते आमच्या विद्यार्थ्यांच्या फोनवर होतं. मग कुणीतरी त्याला ढोल लावला. अकोटकडे लग्नाच्या वरातीत वाजलं म्हणे. चहाच्या टपऱ्यांवर पोरं ते लावून ठेवायची. ढोले सरांना मी एकदा सहज बोलल्यासारखं म्हणालो, फारच पसरलं की हो. ते म्हणाले, "मी कुठं, एका साळ्याले पाठवलं होतं फक्त." त्यांना काय बोलणार? मीही एकालाच पाठवलं होतं.

ताईपर्यंत ते शमीमभाभींच्या सुनेकडून पोचलं. आधी ती हसली. मला फोन करून म्हणाली, "पाह्य बापू, तुया कॉलेजात कोनी तुले ओयखत नसन, पन मले सारा जिल्हा ओयखते!" मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. झालं ते बरंच झालं, तिलाही मजा वाटते आहे, असं मी त्या रात्री मानून टाकलं.

मग भाऊजींच्या पुतण्याचं लग्न आलं. मी गेलो नव्हतो; जे कळलं ते भाऊजींकडून. जेवणाआधी डीजेवाल्याने ते गाणं लावलं. कुणीतरी ओरडलं, ती बाई इथंच आहे. तिला उभं केलं. हातात रिकामी किटली दिली. पोरं भोवती नाचली. तिचे स्वतःचे चुलतसासरे हसत होते. ती थोडा वेळ उभी राहिली, हसायचा प्रयत्न केला, मग किटली खाली ठेवली आणि न जेवता भाऊजींना घेऊन घरी आली.

त्यानंतर ती बदलली. भाजीवाला आला तर आतून हाताने खूण करायची. गल्लीतली लेकरं दिसली की दार लोटायची. फोन वाजला की भाऊजींकडे द्यायची. माझा असला तर ऐकायची, "हो" आणि "बरं" म्हणायची. जिचं बोलणं थांबवायला भाऊजींना रेडिओ मोठा करावा लागे, तिचं घर गप्प झालं.

मी भेटायला गेलो. ती मागच्या अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "मले एक सांग, बापू. तू शिकेल मानूस हायेस. हे कोनं केलं असन रे?"

मी म्हणालो, काय?

"तेच. माया फोनचं." मग सुपातला एक खडा वेचून टाकत, "तो फोनवरचा मानूस चांगला वाटला होता मले. ज्याले भाऊ म्हटलं त्यानं असं कराव का?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने संशयाने विचारलेलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, जसं ती मला वीजबिलातलं विचारायची. मी सांगू शकत होतो. अंगणात आम्ही दोघंच होतो. तिने सूप फेकून मारलं असतं, वर्षभर तोंड पाहिलं नसतं — आणि मग राखीला बोलावलं असतं. मला माझी ताई ठाऊक होती. मी म्हणालो, "त्यांच्या ऑफिसमधूनच गेलं असणार. तिथले फोन टेप होतात. असल्या नंबरांवर केलेलं सगळं टेप होतं."

ती म्हणाली, "असं हाये काय." आणि पाखडायला लागली.

त्याच दुपारी, "फोन हळू चालतो म्हणत होतीस ना, आण, पाहून देतो," असं म्हणून मी तिच्या फोनमधून ते मूळ रेकॉर्डिंग पुसलं आणि टेप होण्याची सोयही बंद केली. ती म्हणाली, "कितीक करतं रे माह्यासाठी." मी हे तुमच्यासाठी रंगवून सांगत नाही. ती असंच म्हणाली.

भाऊजी तिच्यासारखे नव्हते. तिच्याकडून हे कळल्यावर ते दुसऱ्याच दिवशी बंबवाल्यांच्या ऑफिसात गेले. त्या दिवशी फोनवर कोण होतं ते त्यांनी शोधून काढलं. वानखडे नावाचा माणूस. चार लोकांसमोर त्यांनी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, आमच्याकडून नाही गेलं, साहेब. वरच्यांनी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. पुढे काही सिद्ध झालं नाही. होणार कसं? पण गल्लीत, नातेवाइकांत ठरून गेलं — वानखडेने केलं. भाऊजी त्याचं नाव घेताना थुंकायचे. मी समोर असायचो.

ताई गेली ती एका सकाळी. भाऊजी शेतावर होते. शमीमभाभींनी मला ते तिसऱ्या दिवशी सांगितलं. राख सावडून आम्ही परत आलो होतो, मी ओट्यावर बसलो होतो. त्या येऊन खाली पायरीवर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सकाळपासून छातीत दुखून राहिलं होतं त्याइच्या," त्या म्हणाल्या. "घाम फुटला. मी म्हटलं, ताई, एकशेआठले फोन लावते, गाडी येते लगेच. तं माया हात पकडला त्याइनं. नको म्हने भाभी, तिथं टेप होते. मी म्हटलं, बोलते मी, तुमी नका बोलू. तरी नको म्हने. मी मंग ऑटो पाहाले चौकात धावली. तुमाले तं माहीत हाये, सकाळी ऑटो सारे शाळेत जातात. भेटला तवा... अल्ला कसम, भैया, मी त्याइचं आयकाले नाही पायजे होतं. लावाले पायजे होता फोन. माह्यामुळं झालं."

मी म्हणालो, "तुमची काही चूक नाही, भाभी."

त्या दिवसांत मी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं. आणि तेही अर्धं बोललो. कुणाची चूक आहे, ते सांगितलं नाही. त्या अजूनही तेच धरून बसल्या आहेत. मी अकोल्याला गेलो की त्या मला पाहून डोळे पुसतात आणि माझी समजूत घालतात.

गाडी वेळेत आली असती तर ती वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी या 'सांगता येत नाही'ला बरेच दिवस धरून होतो. आता सोडलं आहे. तिथं टेप होतं, हे तिला कुणी सांगितलं होतं?

दहाव्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. बाहेर मांडवात भाऊजी, त्यांचे भाऊ, गल्लीतली माणसं. मी भाऊजींच्या शेजारी होतो. एक माणूस आला, साधारण माझ्याच वयाचा, पांढरा शर्ट, गळ्यात निळा गमछा. चपला काढल्या, हात जोडले आणि सतरंजीच्या कडेला बसला. कुणी ओळखलं नाही. मी आवाजावरून ओळखलं. तो म्हणाला, "मी वानखडे. बाईचं आयकलं. राहावलं नाही, म्हनून आलो."

भाऊजी उठले. मला वाटलं, मारतात आता. त्यांनी मारलं नाही. ते म्हणाले, "काहून आला तू? पाहाले आला का, मेली का नाही ते?"

वानखडे बसूनच राहिला. म्हणाला, "भाऊ, शिव्या द्या. मले चालते. माही माय बी अशीच होती, कोनी आलं का आधी च्या. त्या दिवशी तुमच्या बाईचा फोन ठेवला, अन् मले मायची आठवन आली. मी ते कोनाले देईन का?" मग इकडेतिकडे पाहत, सगळ्यांनाच उद्देशून तो म्हणाला, "आमच्या हापिसातून नाही गेलं ते. लेकराची शपथ घेऊन सांगतो. मले येवढंच सांगाचं होतं त्याइले. त्या हयात असतानी इथं येयाचं होतं, पन हिंमत झाली नाही."

मला वाटतं, लोकांना तो खरा वाटायला लागला होता. भाऊजींनाही. ते उभे होते, आणि त्यांचा चेहरा सुटत चालला होता, जसा खूप थकलेल्या माणसाचा सुटतो. मग ते माझ्याकडे वळले.

"तू सांग, बापू. तुले समजते याच्यातलं. याइच्या हापिसातून जाऊ शकते का नाही असं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. वानखडेही. त्याच्या पाहण्यात विनवणी नव्हती. शिकलेला माणूस आहे, नीट सांगेल, अशा विश्वासाने तो पाहत होता. ताई गेली होती. तिच्यासमोर मान खाली जाईल, ही भीती आता उरली नव्हती. मग मी कुणाला भीत होतो? मांडवातल्या त्या वीस-पंचवीस माणसांना?

मी म्हणालो, "जाऊ शकतं."

खोटंही नाही, पाहा. जाऊ शकतंच. मी शब्द निवडून घेतला होता.

भाऊजींचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. त्यांनी दाराकडे बोट केलं. वानखडे उठला. त्याने आतल्या खोलीकडे, जिथे ताईचा फोटो ठेवला होता तिकडे, हात जोडले आणि चपला पायात न घालता हातात घेऊन तसाच रस्त्यापर्यंत गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर भाऊजी खाली बसले आणि म्हणाले, "पाह्यलं? तू बोलला अन् त्याचं तोंडच बंद झालं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परदेशातलं ते ऐकणं मी बंद केलं आहे. त्यात चांगुलपणा नाही. आता ऐकवत नाही, एवढंच. ताईचं पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते एकदा भाऊजींना ऐकवलं तर वानखडे सुटतो. कापलेला तुकडा कुठून आला, ते लगेच कळतं. हे मी रोज जाणतो आणि रोज तसंच ठेवतो.

आणि हेही सांगून टाकतो. हे लिहायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी सगळं बोलून मोकळं करतो आहोत. पण हे एखाद्या मासिकात नाही तर पुस्तकात येईल. तुमच्यासारखे वाचणारे लोक वाचतील. भाऊजी चौथी शिकलेले आहेत, ते पेपरातला कापसाचा भाव पाहतात आणि पान उलटतात. शमीमभाभींना देवनागरी येत नाही. वानखडे काय वाचतो, मला ठाऊक नाही; मी कधी विचारलं नाही. हे कुणापर्यंत पोचणार नाही, ते मला पहिलं वाक्य लिहितानाच माहीत होतं.